कोपराचे टोक : रचना, कार्य आणि अध्यापनातील उपयोग

१. प्रस्तावना

मानवी सांध्यांचा पाठ शिकविताना खांदा, गुडघा आणि पाठीचा कणा यांना पुस्तकात बरीच जागा मिळते. कोपराच्या वाट्याला मात्र बहुधा 'बिजागरीचा सांधा' एवढेच वर्णन येते. हात दुमडला असता मागील बाजूस जे टणक टोक पुढे येते, त्याचे नावही अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. शरीरशास्त्रात या टोकाला ओलेक्रॅनन म्हणतात.

कम्युनिटी कॉलेजातील शिक्षकांच्या दृष्टीने या टोकाचे महत्त्व दुहेरी आहे. आपल्याकडे रुग्णसेवा, प्रथमोपचार, शिवणकाम, क्रीडा अशा अभ्यासक्रमांचे विद्यार्थी असतात आणि प्रयोगशाळेची साधने तुटपुंजी असतात. कोपराचे टोक त्वचेच्या लगेच खाली असल्याने प्रत्येक विद्यार्थी आपले दोन 'नमुने' सोबत घेऊनच वर्गात येतो. दुसरे असे की, मूल पडून कोपर सुजला तर पहिल्या तासाभरात घरचे लोक व शिक्षक काय करतात, यावर त्या हाताचे पुढील आयुष्य अवलंबून असू शकते. कोपर चोळू नये, ओढू नये, करकचून बांधू नये, हे आपण नेहमी सांगतो; परंतु त्यामागील कारण रचना समजल्याखेरीज पटत नाही. हे कारण वर्गात बोटांनी दाखवून देता यावे, या हेतूने प्रस्तुत लेखाची मांडणी केली आहे.

२. नावे आणि माप

हुबळीच्या दाजीबानपेठेसारख्या बाजारवस्तीतील वर्गात एकाच बाकावर मराठी, कानडी व दखनी बोलणारी मुले असतात. त्यामुळे आरंभ नावांपासून करणे सोयीचे ठरते. मराठी 'कोपर' हा शब्द संस्कृत 'कूर्पर' यापासून आला आहे. कानडीत कोपराला 'मोणकै' किंवा 'मोळकै' म्हणतात, तर उर्दू-दखनीत 'कुहनी'. अरबीतील 'मिर्फक' या शब्दाच्या मुळाशी टेकण्याचा, आधार घेण्याचा अर्थ आहे. 'ओलेक्रॅनन' हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ 'कोपराचे डोके' असा होतो.

यापैकी कानडी शब्द विशेष बोलका आहे. कर्नाटकात फुलांची माळ 'मोळ' या मापाने विकली जाते. मोळ म्हणजे कोपराच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. हेच मराठीतील 'हात' हे माप होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात २४ अंगुळांचा एक हस्त सांगितला आहे. युरोपातील 'क्युबिट' या मापाचे नावही कोपराच्या लॅटिन नावावरून पडले. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि कापड मीटरने मोजले जाऊ लागले, तरी फुलवाल्या बाईंचे मोजमाप हातानेच चालते. हे माप कोपराच्या टोकापासूनच का सुरू होते, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. हात दुमडला की ते टोक ठळकपणे जाणवते आणि तेथे हाडाचा निश्चित शेवट असतो, हे त्याचे उत्तर आहे. मोजण्यासाठी असा पक्का बिंदू लागतो.

३. रचना

कोपरात तीन हाडे एकत्र येतात. दंडाचे हाड म्हणजे ह्युमरस. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात : करंगळीच्या बाजूचे अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस. ओलेक्रॅनन हे यातील अल्नाचे वरचे टोक होय. ते वेगळे हाड नाही, हा मुद्दा प्रथम स्पष्ट करावा. कारण गुडघ्याच्या वाटीशी तुलना करून विद्यार्थी कोपरालाही वाटी असते असे समजतात. गुडघ्याची वाटी हे कंडरेत बसलेले सुटे हाड आहे, तर कोपराचे टोक अल्नाचाच अखंड भाग आहे.

याची खात्री स्वतःच्या हातावर करता येते. कोपर दुमडून टोकावर दुसऱ्या हाताचे बोट ठेवावे आणि हाताच्या मागील बाजूने मनगटाकडे सरकवत न्यावे. हाडाची धार कोठेही न तुटता करंगळीच्या बाजूच्या मनगटापर्यंत जाणवते. आता टोकावर बोट ठेवूनच तळहात आलटून पालटून आकाशाकडे व जमिनीकडे करावा. टोक जागचे हलत नाही. फिरते ते रेडियस. म्हणजे कुलपात किल्ली फिरविण्याचे काम रेडियसकडे, आणि हात दुमडण्या-उघडण्याच्या बिजागरीचे मुख्य काम अल्नाकडे आहे.

अल्नाचे वरचे टोक बाजूने पाहिल्यास उघड्या पान्याच्या जबड्यासारखे दिसते. मागचा मोठा ओठ म्हणजे ओलेक्रॅनन, पुढचा लहान ओठ म्हणजे कोरोनॉइड आणि दोहोंमधली अर्धचंद्राकृती खाच कूर्चेने मढलेली असते. ह्युमरसच्या खालच्या टोकाला कप्पीच्या आकाराचा भाग असतो; तो या खाचेत बसतो. हात दुमडताना व सरळ करताना हा जबडा कप्पीभोवती फिरतो.

ह्युमरसच्या मागील बाजूस, कप्पीच्या वर एक खोलगट खळगा असतो. हात पूर्ण सरळ केला की ओलेक्रॅननचे टोक या खळग्यात जाऊन बसते. म्हणूनच सरळ हातात कोपराचे टोक फारसे दिसत नाही आणि दुमडलेल्या हातात ते ठळक होते. कोपर उलट दिशेला वाकत नाही याचेही एक कारण हेच. त्याला पुढील बाजूच्या अस्थिबंधांची व स्नायूंची जोड मिळते. काही व्यक्तींचा, विशेषतः मुलींचा, कोपर सरळ रेषेपलीकडे थोडा जातो. त्यात बहुधा दोष नसतो. कोपर दुमडण्याची मर्यादा साधारणपणे १४० ते १५० अंशांची असते.

४. टोक ही एक तरफ

ओलेक्रॅननच्या वरच्या बाजूस दंडामागील ट्रायसेप्स या स्नायूची जाड कंडरा चिकटलेली असते. त्रिशिरस्क असे मराठी नाव त्याच्या तीन मुळांवरून पडले आहे : एक मूळ खांद्याच्या पात्याला व दोन ह्युमरसला असतात. हा स्नायू आखडला की टोक वर ओढले जाते आणि हात सरळ होतो. टेबलावर तळहात दाबून धरल्यास दंडाचा मागचा भाग कसा टणक होतो, ते विद्यार्थ्यांना तपासू द्यावे.

येथे भौतिकशास्त्राचा पाठ आपोआप जोडला जातो. स्नायूचे बल टोकावर, टेकू सांध्यात आणि भार तळहातावर. टेकू मध्ये असल्याने ही पहिल्या प्रकारची तरफ होय. कात्री व तराजू याच प्रकारात येतात. याउलट हात दुमडणारा पुढचा बायसेप्स सांध्याच्या पुढे, टेकू व भार यांच्या मध्ये बल लावतो. म्हणून ती चिमट्यासारखी तिसऱ्या प्रकारची तरफ ठरते. एकाच सांध्यात दोन प्रकारच्या तरफा दाखविण्याची ही चांगली संधी आहे.

आकड्यांचे एक उदाहरण घेऊ. सांध्याच्या केंद्रापासून ट्रायसेप्सच्या ओढीचे अंतर २.५ सें.मी. आणि तळहाताचे अंतर ३० सें.मी. मानले, तर गुणोत्तर १२ येते. तळहाताने ५ किलो वजनाइतका दाब द्यायचा असेल, तर स्नायूला सुमारे ६० किलो वजनाइतकी ओढ घ्यावी लागते. वरवर पाहता हा तोट्याचा व्यवहार वाटतो. परंतु टोक १ सें.मी. सरकले की तळहात सुमारे १२ सें.मी. सरकतो. बळ खर्चून वेग व पल्ला मिळविला, असा हा सौदा आहे. चेंडू फेकण्यात तोच कामी येतो.

टोक लांब असते तर काय झाले असते, याचे उत्तर प्राण्यांत मिळते. जमीन उकरणाऱ्या प्राण्यांत, उदाहरणार्थ खवल्या मांजरात, ओलेक्रॅनन हाताच्या मानाने लांब व भक्कम असते; त्यांना वेगापेक्षा जोर हवा असतो. घोड्यासारख्या धावणाऱ्या प्राण्यांत उरलेल्या पायाच्या लांबीच्या मानाने ते आखूड ठरते. 'मऊ सापडले म्हणून कोपराने खणू नये' ही म्हण आपण दुसऱ्या अर्थाने वापरतो. पण खणणाऱ्या प्राण्याचे बळ खरोखर कोपराच्या टोकातूनच येते, हे मुलांना सांगितले तर तरफेचा नियम त्यांच्या लक्षात राहतो.

प्रत्यक्ष हाड दाखवायचे असल्यास मटणाच्या दुकानातून बकऱ्याच्या पुढच्या पायाचे, म्हणजे दस्तीचे हाड आणून उकळून स्वच्छ करावे. त्यात अल्नाचे दांडे बारीक होऊन रेडियसला जुळलेले दिसते, पण ओलेक्रॅनन मोठे व स्पष्ट असते. बकऱ्याचा कोपर छातीलगत असतो आणि आपण ज्याला त्याच्या पुढच्या पायाचा गुडघा समजतो, ते वस्तुतः मनगट असते. एका हाडावरून एवढे सारे उलगडते.

५. टोकाच्या शेजारचे दोन भाग

ओलेक्रॅनन आणि त्वचा यांच्यामध्ये स्नायूंची गादी नाही. तेथे चिकट द्रवाचा पातळ थर असलेली एक चपटी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. हाडावरून त्वचा सहज सरकावी, हे तिचे काम. तासन्‌तास कोपर टेकून बसणाऱ्यांत किंवा टोकावर मार लागल्यास ही पिशवी फुगते आणि टोकावर लिंबाएवढी मऊ गाठ येते. इंग्रजीत या विकाराला 'विद्यार्थ्याचा कोपर' म्हणतात. दुकानाच्या गल्ल्यावर किंवा शिलाईच्या टेबलावर कोपर रोवून बसणाऱ्यांनाही तो होऊ शकतो. बऱ्याच वेळा टेकणे थांबविल्याने सूज उतरते. मात्र गाठ लाल, गरम व दुखरी झाली किंवा ताप आला, तर जंतुसंसर्गाची शक्यता असल्याने त्वरित डॉक्टरांकडे जावे. घरी सुईने द्रव काढणे धोक्याचे आहे.

दुसरा भाग म्हणजे अल्नर मज्जातंतू. टोकाच्या आतील बाजूस, शरीराकडे, ह्युमरसचा एक उंचवटा हाताला लागतो. हा उंचवटा आणि ओलेक्रॅनन यांच्यामधील खोबणीतून हा मज्जातंतू जातो. दाराच्या चौकटीला कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी वीज चमकते, ती हाडाची नसून या मज्जातंतूची असते. करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग यांची संवेदना आणि पंजातील बहुतेक लहान स्नायूंची हालचाल त्याच्यावर अवलंबून आहे.

आपल्या भागात या मज्जातंतूचे आणखी एक महत्त्व आहे. कुष्ठरोगात तो कोपराजवळच वारंवार बाधित होतो. जाड होतो, दुखतो आणि उपचार न झाल्यास करंगळी व अनामिका नखीसारख्या वाकतात. म्हणूनच आरोग्यसेवक संशयित रुग्णाच्या कोपरामागे बोट ठेवून तपासणी करतात. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून खाली आणले. परंतु त्यामुळे रोग संपला असे होत नाही. नवे रुग्ण आजही आढळतात आणि सरकारी दवाखान्यांत औषधे विनामूल्य मिळतात. त्वचेवरील बधिर चट्टा आणि करंगळीचा बधिरपणा एकत्र दिसल्यास विद्यार्थ्याने लाजेपोटी तो लपवू नये, एवढा विश्वास शिक्षकाने निर्माण केला पाहिजे.

६. तीन बिंदू आणि कोपराची इजा

कोपराच्या दोन्ही बाजूंना ह्युमरसचे दोन उंचवटे हाताला लागतात. आतील उंचवट्यावर अंगठा, बाहेरील उंचवट्यावर मधले बोट आणि ओलेक्रॅननच्या टोकावर तर्जनी ठेवावी. हात सरळ असताना हे तीन बिंदू जवळजवळ एका रेषेत येतात. कोपर काटकोनात दुमडला की त्यांचा त्रिकोण होतो. कारण सरळच आहे : दोन बिंदू ह्युमरसचे आणि तिसरा अल्नाचा, अल्ना फिरली की तिसरा बिंदू खाली सरकतो.

अस्थिरोगतज्ज्ञ याचा उपयोग निदानासाठी करतात. कोपर निखळला असेल, तर अल्ना ह्युमरसपासून सुटल्याने त्रिकोण बिघडतो. परंतु ह्युमरस कोपराच्या वरच्या अंगाला मोडला असेल, तर तिन्ही बिंदू मोडलेल्या जागेच्या खालीच असल्याने त्यांचे परस्पर स्थान कायम राहते. हा दुसरा अस्थिभंग मुख्यतः लहान मुलांत, पाच ते आठ वर्षांच्या सुमारास, पसरलेल्या तळहातावर पडल्याने होतो. हात बाहेरून दोन्ही प्रसंगी सारखाच वाकडा व सुजलेला दिसतो. केवळ पाहून 'सांधा उतरला आहे' असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे आहे. ही तपासणी विद्यार्थ्यांनी फक्त निरोगी कोपरावर करावी. इजा झालेला कोपर तपासण्यासाठी हलवू नये.

ओलेक्रॅनन स्वतः मोडतो तो बहुधा प्रौढांत, थेट टोकावर पडल्याने. येथे ट्रायसेप्सची ओढच अडचण निर्माण करते. तुटलेला तुकडा स्नायू वर खेचून घेतो, मध्ये फट पडते आणि रुग्णाला स्वतःच्या बळावर हात वर उचलून सरळ करता येत नाही. तुकडे सरकले नसतील तर प्लास्टर पुरते. सरकले असतील तर शस्त्रक्रिया करून दोन तारा हाडात घालतात आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तार मागील बाजूने आवळतात. त्यामुळे स्नायूची तीच ओढ सांध्याच्या बाजूला तुकडे एकमेकांवर दाबण्यास मदत करते.

मुलांच्या इजेत खरा धोका हाडाचा नसून रक्तपुरवठ्याचा असतो. कोपराच्या पुढील बाजूने हाताची मुख्य धमनी जाते. मोडलेल्या हाडाने ती दबली किंवा सुजलेल्या हातावर बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्या, तर खालच्या स्नायूंचे रक्त तुटते आणि काही तासांत ते कायमचे निकामी होऊ लागतात. बोटे आखडतात व हात पंज्यासारखा वाकडा होतो. या विकृतीचे वर्णन जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये केले. तेल लावून जोराने चोळण्याचाही दुष्परिणाम ठाऊक आहे : दुखावलेल्या स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचा ताठरतो. आपल्या समाजात हाडवैद्यावर लोकांचा विश्वास आहे, खर्चाची भीतीही आहे. त्यांना हिणवून काही साधत नाही. आधी एक्स-रे, मग पुढचे, एवढा क्रम पटवून देणे शक्य आहे.

कोपराला इजा झाल्यास शिक्षकाने पुढील गोष्टी कराव्यात :

(१) हात ज्या स्थितीत कमी दुखतो त्याच स्थितीत ओढणी किंवा रुमालाच्या झोळीत ठेवावा. सरळ करण्याचा प्रयत्न करू नये.

(२) बांगड्या, कडे, घड्याळ, अंगठी सूज वाढण्याआधी काढून घ्यावी.

(३) बोटांचा रंग, ऊब आणि हालचाल पाहावी. बोटे फिकट किंवा थंड पडणे, बधिर होणे, अथवा ती सरळ करताना असह्य वेदना होणे ही तातडीची लक्षणे आहेत.

(४) चोळू नये, शेकू नये, घट्ट बांधू नये. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने डॉक्टरांनी पाहीपर्यंत खाणे-पिणे देऊ नये.

(५) एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. हुबळीत १९५७ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. अन्य गावांच्या शिक्षकांनी आपल्या जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक वर्गात लावून ठेवावा.

७. वाढीचे वय आणि कोपर

लहान मुलाच्या एक्स-रेमध्ये ओलेक्रॅननचे टोक दिसतच नाही, कारण ते अद्याप कूर्चेचे असते. साधारणतः ९ ते ११ वर्षांच्या सुमारास तेथे हाडाचे केंद्र उमटते आणि १४ ते १७ या वयात ते अल्नाशी एकजीव होते; मुलींत हे थोडे आधी घडते. मधल्या काळात दोहोंमध्ये दिसणारी रेषा नवख्याला अस्थिभंगासारखी वाटते. त्यासाठी डॉक्टर कधी कधी दुसऱ्या, निरोगी कोपराचाही एक्स-रे काढून तुलना करतात.

वय ठरविण्यासाठी न्यायालयीन कामातही कोपराचा एक्स-रे घेतला जातो. मात्र असा अंदाज दोन्ही बाजूंना दोन वर्षांनी चुकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जया माला खटल्यात नमूद केले. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ नुसारही शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र प्रथम, ते नसल्यास नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे. प्रवेशाच्या वेळी अंदाजाने जन्मतारीख लिहिण्याची सवय किती घातक आहे, हे यावरून ध्यानात यावे. शाळेच्या नोंदवहीतील एक ओळ हाडाच्या पुराव्याआधी वाचली जाते.

८. समारोप

एका तासिकेत हा पाठ पुढील क्रमाने घेता येईल : नावे व मोळाचे माप, धार मनगटापर्यंत चाचपणे, तळहात फिरविणे, टेबल दाबून तरफ समजून घेणे, तीन बिंदूंचा त्रिकोण आणि शेवटी झोळी बांधण्याचा सराव. चाचपण्याची कृती प्रत्येकाने स्वतःच्याच कोपरावर करावी. खडू, फळा आणि एक ओढणी याखेरीज काही लागत नाही. 'कोपराला गूळ लावणे' हा वाक्प्रचार घेऊन, जीभ कोपराला का पोहोचत नाही हे दंडाच्या हाडाच्या लांबीवरून विचारले, तर वर्गात हास्यही पिकेल आणि ह्युमरस लक्षात राहील.

या पाठाची परीक्षा मात्र वर्गात होत नाही. एखाद्या गल्लीत मूल सायकलवरून पडते, भोवती माणसे जमतात, कोणी तेल आणतो, कोणी हात ओढू पाहतो. त्या गर्दीत आपला एखादा विद्यार्थी असेल आणि 'हात लावू नका, आधी बांगडी काढा, झोळी करा' असे कारणासह सांगू शकेल, तर हा विषय शिकविल्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.